फेकजाळ

यंदा कोल्हा होता. गेल्या वर्षी देवमासा,
त्याआधी वटवाघूळ, राखी लांडगा,
आणि एकदा, खोटं नाही सांगत, झुरळ.
आमच्या बिरादरीत दर वर्षी कुणीतरी एक जनावर सोलतं,
जुन्याच समीकरणांवर त्याचं कातडं चढवतं
आणि पडद्यावर तक्ता दाखवतं:
तेवीस बेंचमार्क, तेवीसही जिंकले.
हरलेलं जनावर घेऊन आलेला माणूस
मी अजून पाहिलेला नाही.

मीही रोही नेला होता.
कळप धानात शिरताना एक पुढे, बाकी माना वर करून,
यावर तीन सूत्रं बसवली
साकोलीच्या कॉलेजात, लाइट जाईपर्यंत जागून.
परीक्षकाचं उत्तर आलं, निनावी, दीड ओळीचं:
रोही काढून घेतला
तर मागे काय उरतं?

दोन महिने मी त्याला शिव्या दिल्या.
मग वैशाखात गावी आले.
मालगुजारी तलाव अर्ध्यावर आलेला, काठाचा चिखल तडकलेला,
आणि पाण्यात मांडीपर्यंत पतिराम मारबते
खांद्यावर फेकजाळ घेऊन.

पारीवर बसून विचारलं, कुठं फेकायचं ते कसं ठरवता?
म्हणाला, "मासोरी का पत्ता सांगून रायते का, मॅडम?
भेटली त तिथंच आखीन दोन फेक मारतो,
नाई भेटली त सरकतो.
अन कधी कधी, उगाच,
त्या कोपऱ्यात, जिथं कोनी नाई टाकत."
"कायले?"
"उगाच म्हनलो ना."

उगाच.
आमच्याकडे या शब्दावर प्रबंध आहेत, भांडणं आहेत.
त्याचं प्रमाण किती ठेवावं
यावरून दोन प्राध्यापक सहा वर्षं बोललेले नाहीत.
फार उगाच केलं की नुसतं भटकणं,
अजिबात नाही केलं
की पायाखालच्या टेकाडालाच डोंगर समजून
आयुष्यभर झेंडा धरून उभं राहणं.

मी वहीत रेघा मारत गेले.
एकेचाळीस फेकी, त्यातल्या सात उगाच.
पाच रिकाम्या.
एकीत निळी चप्पल, डाव्या पायाची.
एकीत मरळ, हातभर लांब,
जिच्याकडे पाहून पतिराम हसलाही नाही, फक्त थुंकला
आणि पुन्हा तिथंच जाळं फेकलं.

ऊन उतरलं तसे उगाच कमी होत गेले.
सुरुवातीला दर तिसऱ्या-चौथ्या फेकीला,
सावल्या लांबल्यावर एखादाच,
आणि शेवटी तर बेशरमच्या झुडपाशी
एका चौरंगाएवढ्या पाण्यात
फेक, ओढ, फेक, ओढ.
तापलेलं लोखंड असंच निवतं म्हणे, हळूहळू जागेवर बसत.
हे वळण मी वर्गात दहा वर्षं फळ्यावर काढत आलेय.
पाण्यात कधी पाहिलं नव्हतं.

"दुसऱ्या तलावावर हेच चालंल?"
"दुसऱ्या तलावाचं मले का मालूम?
तिथला धिवर येगरा हाय."
आमच्यात याचं प्रमेय आहे, सिद्धतेसकट.
ते विसरूनच आम्ही दर वर्षी कोल्हा आणतो.

सेल्वमचा कोइंबतूरहून फोन: नाव कोळी ठेव,
या वर्षी माणसांवर कुणी केलेलं नाही, लगेच घेतील.
मी हो म्हणाले. रात्री नाव टाइपही केलं.
मग पतिरामच्या पाठीवरचा घाम आठवला,
मिठाचे पांढरे डाग,
आणि मला ते कातडं हातात धरवेना.

निबंधाचं नाव आता लांबलचक आणि कंटाळवाणं आहे.
त्यात जनावर नाही, माणूसही नाही.
तेवीसपैकी नऊ जिंकले, सहा बरोबरीत, आठ हरले,
त्यातले दोन तर डोळे मिटून केलेल्या शोधाकडून.
सगळं लिहिलं. सीडसुद्धा लिहिलं, एकेचाळीस,
म्हणजे कुणीही, कुठेही तो आकडा घातला
की माझे सगळे उगाच
त्याच क्रमाने परत येतील.

त्याचे येणार नाहीत.
काल गेले तेव्हा तो पळसाखाली जाळं शिवत बसला होता,
चपलेनं फाडलेली जागा.
म्हणाला, वहीतलं दाखवा बरं.
रेघा बोटानं मोजल्या, ओठ हलवत.
"बेचारीस होत्या," म्हणाला.
"एक तुमी पानी प्याले गेल्या तवा."